चित्रपट महोत्सवांना पाठवताना: एडिट लॉकपासून पडद्यापर्यंतचा क्रम

तयार चित्रपट महोत्सवांना पाठवताना स्वतंत्र दिग्दर्शक सगळी कामं करतात, पण उलट्या क्रमाने करतात. आधी ओळखीच्या माणसाच्या महोत्सवात चित्रपट दाखवून मोकळे होतात आणि मग बर्लिन महोत्सवाचा फॉर्म उघडतात. आधी फी भरतात आणि मग गाण्याचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधायला लागतात. निवडीचा मेल आल्यावर डीसीपी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) कुठे करून मिळेल याची विचारपूस सुरू होते. यातलं कुठलंच काम सुटं पाहिलं तर अवघड नाही. क्रम चुकला की मात्र काही संधी कायमच्या जातात. खालचे टप्पे पूर्ण लांबीचा चित्रपट, लघुपट आणि माहितीपट या तिघांनाही लागू आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## १. एडिट लॉक करण्याआधी: लांबी, फ्रेम रेट, साल

एडिट (पिक्चर) लॉक म्हणजे यापुढे कापाकापी नाही असं ठरवणं. लघुपट असेल तर एकेक मिनिट मोजा. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटं आहे, व्हेनिसच्या ओरिझोंती विभागातल्या लघुपटांची २०, बर्लिनच्या लघुपट विभागाची ३० आणि ऑस्करच्या लघुपट गटांची ४०. या वेळेत श्रेयनामावलीही धरतात. १४ मिनिटांच्या लघुपटाला दोन मिनिटांची संथ सरकणारी नामावली जोडली की कान हातचं गेलं. नामावली ३० ते ४० सेकंदांत बसवा. आभारांची लांबलचक यादी वेगळ्या आवृत्तीत ठेवता येते.

४५ ते ६५ मिनिटांच्या कथापटाची सर्वांत जास्त कोंडी होते. लघुपट विभागाला तो लांब पडतो आणि पूर्ण लांबीच्या विभागाला आखूड. शक्य असेल तर ३० च्या आत आणा, नाहीतर ७० च्या पुढे न्या. माहितीपटाला ही अडचण कमी येते, कारण टीव्हीमुळे ५२ मिनिटांची लांबी तिथे रुळलेली आहे.

फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा, निर्णय शूटिंगआधीच झालेला बरा. थिएटरसाठी २४ सर्वांत सुरक्षित. २५ वर शूट केलेला चित्रपट २४ वर आणायचा तर तो सुमारे ४ टक्क्यांनी लांबतो. १०० मिनिटांचा चित्रपट १०४ मिनिटांच्या आसपास जातो, आवाज पुन्हा जुळवावा लागतो आणि सबटायटलची वेळही. २३.९७६ आणि २४ यांतला फरक किरकोळ वाटतो, पण १०० मिनिटांच्या शेवटी तो ६ सेकंदांचा होतो. शेवटच्या प्रसंगात संवादाच्या आधीच सबटायटल येतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

सावधान: नामावलीच्या शेवटच्या ओळीतलं साल आणि फॉर्ममधलं साल एकच हवं. अनेक महोत्सव मागच्या १२ ते २४ महिन्यांत पूर्ण झालेले चित्रपटच घेतात. नामावलीत २०२३ आणि फॉर्मवर २०२५ असेल तर निवड करणाऱ्याला शंका येते. चित्रपट पूर्ण झाल्याची तारीख म्हणजे अंतिम साउंड मिक्स आणि ग्रेडिंग (रंगांचं काम) झाल्याची तारीख. शूटिंग संपल्याची तारीख तिथे लिहून बरेच जण आपल्याच हाताने चित्रपट वर्षभराने जुना करतात.

## २. हक्क आणि परवानग्यांची फाइल

निवड झाल्यावर महोत्सव एक करार पाठवतो. ‘चित्रपटातल्या सर्व घटकांचे हक्क माझ्याकडे आहेत’ असं त्यात तुम्ही लिहून देता. त्यामुळे ही फाइल अर्ज करण्याआधीच पूर्ण हवी.

संगीतात सर्वाधिक घोळ होतो. प्रत्येक गाण्याला दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चाल यांचा एक आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. चित्रपटात वापरायला दोन्ही लागतात. तुकोबांचा अभंग कोणीही वापरू शकतो, कारण त्या शब्दांवर आता कोणाचाही हक्क नाही. पण त्याला एखाद्या संगीतकाराने बांधलेली चाल आणि एखाद्या कंपनीने काढलेलं ध्वनिमुद्रण या दोन्हींवर हक्क असू शकतो. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि गीत-संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. चहाच्या टपरीवरच्या रेडिओतून ऐकू येणारं जुनं गाणं ‘मागेच तर वाजतंय’ म्हणून सुटत नाही. पैसे कमी असतील तर फक्त महोत्सवांपुरता परवाना मागा, तो पूर्ण हक्कांपेक्षा स्वस्त पडतो. मात्र पुढे ओटीटीला विकताना तेच गाणं किती रुपयांना मिळेल हेही त्याच पत्रात लिहून घ्या. नंतर विचारलं की आकडा वाढतो.

फाइलमध्ये असायला हवं ते असं: निर्माता आणि लेखक-दिग्दर्शक यांच्यातला करार, कथा दुसऱ्याची असेल तर रूपांतराची परवानगी, प्रत्येक कलाकाराचं संमतीपत्र (लहान मुलांसाठी पालकांच्या सहीचं), माहितीपटात दिसणाऱ्या माणसांची लेखी संमती, लोकेशनची पत्रं आणि संगीतकाराचा करार. पडद्यावर टीव्हीवरची बातमी, भिंतीवरचं चित्र किंवा विकत न घेतलेला फॉन्ट दिसत असेल तर तेही तपासा.

सेन्सॉरबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या. परदेशी महोत्सवांना सीबीएफसीचं (सेन्सॉर बोर्डाचं) प्रमाणपत्र लागत नाही. भारतातल्या महोत्सवात प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवायचा असेल तर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते आणि ती आयोजक मागतात. त्यासाठी ते तुमच्याकडून सारांश आणि तपशील मागवतात. तो मेल आठवडाभर पडून राहिला तर अडतो तुमचाच चित्रपट. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना मात्र प्रमाणपत्र लागतंच, आणि ते त्या-त्या कॅलेंडर वर्षातलं असावं लागतं. त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र घ्यायचं की जानेवारीत, याचा विचार करूनच अर्ज टाका.

तपासणी: चित्रपटात बैल, कोंबडी, कुत्रा असं काहीही दिसत असेल तर प्रमाणपत्रासाठी अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची कागदपत्रं लागतात. शूटिंगआधीची परवानगी नसेल तर इथे महिने जातात. गावाकडच्या गोष्टी सांगणाऱ्या मराठी चित्रपटांनी हे शूटिंगच्या आधीच पाहायला हवं.

## ३. सबटायटल

निवड समितीतल्या माणसाला मराठी येत नाही. तुमचा चित्रपट तो सबटायटलमधून ऐकतो. असं असूनही हे काम शेवटच्या दोन दिवसांत, इंग्रजी ‘बऱ्यापैकी’ येणाऱ्या कोणाला तरी दिलं जातं.

मापं अशी ठेवा: एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत ४२ च्या आत अक्षरं, एक सबटायटल पडद्यावर निदान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सात सेकंद. वाचण्याचा वेग सेकंदाला १७ अक्षरांच्या आसपास ठेवा. संवाद भरभर असेल तर शब्दन् शब्द उतरवू नका, अर्थ नेमका ठेवून वाक्य छोटं करा. शक्यतो शॉट बदलताना सबटायटलही बदलू द्या. एकच सबटायटल दोन शॉटवर रेंगाळलं की डोळा तेच पुन्हा वाचायला लागतो.

सगळ्यांत जास्त सुटतात त्या पडद्यावर दिसणाऱ्या, पण कोणी न उच्चारलेल्या गोष्टी. शेतकऱ्याच्या हातात सातबारा आहे, त्यावर भावाचं नाव चढलेलं आहे, कॅमेरा तिथे चार सेकंद थांबतो. मराठी प्रेक्षकाला सगळी गोष्ट कळली. रॉटरडॅममधल्या माणसाला फक्त एक कागद दिसला. दुकानाची पाटी, मोबाइलवरचा मेसेज, दाखल्यावरचं नाव, भिंतीवरची घोषणा, मागे चाललेलं कीर्तन, जे जे कथेला लागतं त्याला सबटायटल द्या.

नात्यांच्या हाका आणि बोलीचं धोरण एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. ‘आबा’ एका प्रसंगात तसंच ठेवलं आणि दुसऱ्यात ‘ग्रँडपा’ केलं तर परका प्रेक्षक दोन वेगळी माणसं समजतो.

तपासणी: सबटायटल झाले की चित्रपट पूर्वी न पाहिलेल्या, मराठी न येणाऱ्या माणसाला दाखवा आणि कोण कोणाचं कोण लागतं एवढंच विचारा. मग आवाज बंद करून स्वतः एकदा सलग वाचा. पांढरं सबटायटल पांढऱ्या धोतरावर, शर्टावर किंवा आकाशावर कुठे हरवतंय ते टिपा. अक्षरांना बारीक काळी कड दिली की बहुतेक ठिकाणी सुटतं. एसआरटी फाइल (सबटायटलचा वेळेसह मजकूर) वेगळी जपून ठेवा, कारण महोत्सव स्वतःच्या भाषेत भाषांतर करायला ती मागतो. सोबत मूळ मराठी संवादांची वेळेसह यादी दिली तर भाषांतरकार दुवा देईल.

## ४. स्क्रीनर आणि माहितीचा संच

स्क्रीनर म्हणजे निवड समितीने पाहायची प्रत. पासवर्ड लावलेली व्हिमिओ लिंक किंवा फिल्मफ्रीवेवर (महोत्सवांना अर्ज करायच्या संकेतस्थळावर) थेट अपलोड, हे दोन पर्याय पुरेसे आहेत. १०८० रिझोल्युशन, स्टीरिओ आवाज आणि सबटायटल चित्रातच बसवलेले. वेगळ्या फाइलचे सबटायटल चालू करायला पाहणारा विसरतो. यूट्यूबची ‘अनलिस्टेड’ लिंक देऊ नका. ती कुठेही फॉरवर्ड होते आणि काही महोत्सव तिला सार्वजनिक प्रदर्शन मानू शकतात.

एकदा दिलेला पासवर्ड सगळे निकाल लागेपर्यंत बदलायचा नाही. व्हिमिओची सशुल्क योजना मध्येच संपू देऊ नका. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर टाका. लिंक उघडली नाही तर तुम्हाला फोन करून विचारायला कोणी बसलेलं नसतं.

अपुरा कट पाठवायचा की नाही? नियम चालत असतील आणि मुदत संपत असेल तर पाठवा, पण पिक्चर लॉक झालेला असेल तरच. सुरुवातीला पाच सेकंदांची पाटी द्या: ग्रेडिंग बाकी, संगीत तात्पुरतं, इतक्या मिनिटाला व्हीएफएक्स बाकी. एडिटच बदलणार असेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. एकदा नाकारलेला कट नव्याने पाहण्याइतका वेळ निवड समितीकडे सहसा नसतो.

माहितीच्या संचात एक ओळीची कथा (२५ शब्दांच्या आत), ५० आणि १५० शब्दांचे सारांश, दिग्दर्शकाचं निवेदन, ८० ते १०० शब्दांचा परिचय, पूर्ण श्रेयनामावली, तांत्रिक माहिती, दिग्दर्शकाचा एक फोटो आणि चित्रपटाचे पाच-सहा फोटो, म्हणजे स्टिल्स, हवेत. सारांशात शेवट सांगायला घाबरू नका. ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा’ हे वाक्य जाहिरातीला ठीक आहे, निवड करणाऱ्याला ते उपयोगाचं नाही. निवेदनात ‘लहानपणापासून सिनेमाचं वेड’ नको. हाच विषय का आणि तो असाच का चित्रित केला, एवढंच लिहा.

स्टिल्स सेटवर कॅमेऱ्याने काढलेले असतील तर उत्तम. चित्रपटातून फ्रेम काढणार असाल तर ग्रेडिंग झालेल्या प्रतीतून, सबटायटल आणि वॉटरमार्कशिवाय काढा. पहिलं स्टिल नीट निवडा. कॅटलॉग, वेबसाइट, वर्तमानपत्र सगळीकडे तेच छापलं जातं. अंधाऱ्या खोलीत अर्धा दिसणारा चेहरा मोठ्या पडद्यावर सुरेख वाटतो, पण टपाल तिकिटाएवढ्या आकारात तो नुसता काळा चौकोन होतो.

## ५. प्रीमियर: कुठे आधी, कुठे नंतर

या टप्प्यावर घाई करू नका, कारण इथली चूक परत फिरवता येत नाही.

जगात कुठेही पहिल्यांदा सार्वजनिकरीत्या दाखवला तो वर्ल्ड प्रीमियर. स्वतःच्या देशाबाहेर पहिल्यांदा दाखवला तो इंटरनॅशनल प्रीमियर. मग खंडाचा, मग देशाचा, मग शहराचा. प्रत्येक प्रदर्शन यातलं काहीतरी खर्ची घालतं. पुण्यात जानेवारीत पिफमध्ये (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) चित्रपट पहिल्यांदा दाखवला तर वर्ल्ड प्रीमियर गेला, पण इंटरनॅशनल प्रीमियर अजून हातात आहे. बर्लिनच्या मुख्य स्पर्धेला इंटरनॅशनल प्रीमियर चालतो, व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेला वर्ल्ड प्रीमियरच लागतो. म्हणून आधी नियम वाचा आणि मगच कोणाला होकार द्या.

कलाकार-तंत्रज्ञांसाठी भाड्याच्या हॉलमध्ये ठेवलेला खासगी खेळ सहसा प्रीमियर धरला जात नाही. तिकीट लावलं, वर्तमानपत्रात बातमी आली किंवा चित्रपट ऑनलाइन खुला केला की तो सार्वजनिक झाला. फिल्म सोसायटीचा खेळ दोन्हींच्या मधोमध येतो. शंका असेल तर टाळा.

मराठी चित्रपटांनी हा क्रम नीट सांभाळल्याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. ‘कोर्ट’ सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला पहिल्यांदा दाखवला गेला, मग मुंबईच्या महोत्सवात आला आणि एप्रिल २०१५ मध्ये थिएटरात लागला. ‘साबर बोंडं’चा प्रीमियर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्सला झाला आणि तो सप्टेंबरमध्ये इथे प्रदर्शित झाला. दोन्ही वेळा मोठ्या महोत्सवातलं पहिलं प्रदर्शन आधी आणि थिएटर नंतर.

लघुपटांना बहुतेक ठिकाणी सवलत असते. क्लेरमाँ-फेराँसारखा लघुपटांचा मोठा महोत्सव प्रीमियर मागत नाही. कान आणि व्हेनिस मात्र लघुपटालाही मागतात.

यादी तीन गटांत करा. पहिल्या गटात प्रीमियर मागणारे मोठे महोत्सव, दुसऱ्यात चांगली निवड आणि खरा प्रेक्षक असलेले मध्यम महोत्सव (धर्मशाला, केरळचा आयएफएफके, विषयानुरूप परदेशी महोत्सव), तिसऱ्यात स्थानिक आणि विशेष महोत्सव. मग चित्रपट कधी तयार होतो ते कॅलेंडरवर ठेवा. सनडान्स जानेवारीत, रॉटरडॅम जानेवारी-फेब्रुवारीत, बर्लिन फेब्रुवारीत, कान मेमध्ये, लोकार्नो ऑगस्टमध्ये, व्हेनिस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, टोरांटो सप्टेंबरमध्ये, गोव्याचा इफ्फी नोव्हेंबरमध्ये, केरळ डिसेंबरमध्ये, पिफ जानेवारीत. अर्ज साधारण दोन ते पाच महिने आधी बंद होतात. म्हणजे ऑगस्टमध्ये हातात आलेल्या चित्रपटासाठी सनडान्स, रॉटरडॅम आणि बर्लिन समोर आहेत. जानेवारीत तयार झालेल्यासाठी कान, लोकार्नो आणि व्हेनिस.

आणि थांबायची तारीखही ठरवा. पहिल्या गटाच्या निकालांची वाट किती महिने पाहायची हे कागदावर लिहा. आठ महिने पुरेसे आहेत. त्यानंतर दुसऱ्या गटाला मनापासून होकार द्या. ‘अजून एक मोठा महोत्सव पाहू’ म्हणत दीड वर्ष गेलं की चित्रपट वयानेच बाद होतो. हे चित्रपटाचं खरं नुकसान आहे आणि ते वारंवार होतं.

सावधान: दुसऱ्या गटातल्या महोत्सवाचा होकार आला आणि पहिल्याचा निकाल बाकी आहे, अशी वेळ येतेच. गप्प बसू नका. दोन्हींना खरं कळवा: अमुक ठिकाणी निकाल बाकी आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर देतो. पहिल्याला निवडीची बातमी कळवली तर कधीकधी निकाल लवकरही मिळतो. होकार देऊन नंतर चित्रपट काढून घेणं मात्र लक्षात राहतं.

एडिट अजून चालू असेल तर गोव्यात इफ्फीसोबत भरणाऱ्या एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) फिल्म बाजाराकडे (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) पाहा. तिथल्या वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमध्ये रफ कट परदेशी तज्ज्ञांपुढे जातो आणि व्ह्यूइंग रूममध्ये प्रोग्रामर (महोत्सवासाठी चित्रपट निवडणारे) व सेल्स एजंट चित्रपट पाहतात. बाजारातलं असं दाखवणं सार्वजनिक प्रदर्शन धरलं जात नाही, त्यामुळे प्रीमियर शाबूत राहतो.

## ६. फी आणि नकली महोत्सव

लघुपटाला परदेशी महोत्सवाची फी साधारण २० ते ६० डॉलर पडते, पूर्ण लांबीच्या चित्रपटाला अधिक. एकाच महोत्सवाच्या बऱ्याचदा तीन-चार मुदती असतात आणि प्रत्येक मुदतीला फी चढते. पहिल्या मुदतीत अर्ज केला तर पैसे वाचतात आणि चित्रपट निवांतपणे पाहिला जातो. कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या आणि बँकेचा चलन-मार्कअप हिशोबात धरा. आधी एकूण रक्कम ठरवा, मग तीन गटांत वाटा. तिसऱ्या गटावर चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त खर्च करू नका.

फी-माफी मागता येते. फॉर्म भरण्याआधी चार ओळींचा मेल करा: चित्रपट काय आहे, याच महोत्सवाला तो का योग्य आहे (त्यांच्या मागच्या वर्षीच्या निवडीचा आधार देऊन), पैशाची अडचण, लिंक. एकच मजकूर शंभर ठिकाणी चिकटवलेला लगेच ओळखू येतो.

नकली महोत्सव ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत:

- दर महिन्याला ‘पुरस्कार’ आणि पन्नासच्या वर गट
- थिएटरचं नाव-पत्ता कुठेही नाही, मागच्या वर्षीच्या खेळांचं वेळापत्रक नाही
- निवड करणाऱ्यांची नावं नाहीत
- जिंकल्यावर ट्रॉफी आणि प्रमाणपत्र विकत घ्या म्हणणारा मेल
- नावात मोठं शहर, पण त्या शहरात कधी काही दाखवल्याचा पुरावा नाही

अशा ठिकाणची वीस लॉरेल (निवडीची किंवा पुरस्काराची पानांची चिन्हं) पोस्टरवर लावली की जाणकार प्रोग्रामर चित्रपट पाहण्याआधीच सावध होतो. कष्टाने जमवलेले पैसे यात घालू नका. पोस्टरवर तीन खरी लॉरेल पुरतात.

## ७. अर्ज भरताना

फिल्मफ्रीवेवर प्रोजेक्टची प्रायव्हसी ‘प्रायव्हेट’ आहे ना ते आधी पाहा. मग नावाचं स्पेलिंग एकदाच ठरवा. चित्रपट, दिग्दर्शक आणि निर्माता यांची नावं फॉर्म, नामावली, पोस्टर आणि पासपोर्टवर सारखी असली पाहिजेत. मराठी नाव रोमनमध्ये लिहिताना ‘आ’ला एक ए की दोन, हे दर वेळी बदललं की शोधात चित्रपट सापडत नाही आणि पुढे व्हिसाच्या पत्रात घोळ होतो. प्रीमियरची माहिती खरी लिहा. लपवलेलं प्रदर्शन इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडतं.

एक तक्ता ठेवा: महोत्सव, अर्जाची तारीख, फी, कोणती प्रत दिली, प्रीमियरची अट, निकालाची तारीख, उत्तर. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला अपलोड करू नका. मुदत त्यांच्या देशाच्या वेळेप्रमाणे संपते.

## ८. निकालाची वाट पाहताना: डीसीपी

थिएटरमध्ये चालते ती डीसीपी. निवडीनंतर ती पाठवायला दोन-तीन आठवडेच देतात, म्हणून आत्ताच करून ठेवा. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर नीट वापरलं तर पुरेसं आहे.

टूकेमध्ये (सुमारे दोन हजार ठिपके रुंद चित्रात) चौकटी दोन: फ्लॅट १९९८ × १०८० आणि स्कोप २०४८ × ८५८. १९२० × १०८० चा चित्रपट फ्लॅटमध्ये, दोन्ही बाजूंना बारीक काळी पट्टी ठेवून बसवा. ताणून भरू नका. एडिटमध्ये वर-खाली काळ्या पट्ट्या लावून केलेला स्कोप तसाच फ्लॅटमध्ये टाकला तर पडद्यावर चारही बाजूंना काळं दिसतं. त्या पट्ट्या कापून स्कोपची डीसीपी करा.

आवाज ५.१ असावा आणि संवाद मधल्या चॅनलमधून यावेत. नुसत्या स्टीरिओत कडेला बसलेल्या प्रेक्षकाला संवाद जवळच्या स्पीकरमधून येतोय असं वाटतं. सुरुवातीला दोन सेकंद काळं ठेवा. डीसीपी एन्क्रिप्ट करू नका. एन्क्रिप्ट केली की प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी किल्ली, म्हणजे केडीएम, लागते. तिची वेळ चुकली तर खेळच रद्द होतो.

ड्राइव्ह लिनक्सच्या ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ पद्धतीने फॉरमॅट करा. मॅकवर फॉरमॅट केलेला ड्राइव्ह थिएटरचा सर्व्हर वाचत नाही. डीसीपीच्या फोल्डरमधल्या असेटमॅप, सीपीएल, पीकेएल अशा कोणत्याही फाइलचं नाव बदलू नका.

१०० मिनिटांची टूके डीसीपी १०० ते १८० जीबी होते. घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल तर १५० जीबीला जवळपास १७ तास लागतात, तेही लाइन न तुटता. हा हिशोब मुदतीच्या आदल्या रात्री करायचा नसतो. ड्राइव्ह कुरियरने परदेशी पाठवायचा असेल तर पावतीवर किंमत नाममात्र लिहा आणि ‘फॉर कल्चरल पर्पजेस ओन्ली, नो कमर्शियल व्हॅल्यू’ असा मजकूर टाका. नाहीतर तो कस्टम्समध्ये अडकतो.

तपासणी: जवळच्या एकपडदा किंवा मल्टिप्लेक्स थिएटरशी बोलून सकाळच्या पहिल्या खेळाआधीचा वेळ भाड्याने घ्या आणि चित्रपट पूर्ण चालवा. पहिली आणि शेवटची दहा मिनिटं पाहून उठू नका. सबटायटल पडद्याच्या खालच्या कडेला कापले जात नाहीत ना, अंधारातले शॉट मिटत नाहीत ना आणि शेवटी ओठ-आवाज जुळतात ना, हे पाहा. आवाज कोणत्या फेडरवर (थिएटरच्या आवाजाच्या पातळीवर) बरा वाटला ते लिहून ठेवा. मिक्स ७ वर बेतलेला असतो, पण पुष्कळ थिएटरं ५ च्या आसपास चालवतात आणि तिथे कुजबुजीचे प्रसंग ऐकूच येत नाहीत.

## ९. निवड झाल्यावर

महोत्सव स्वतः जाहीर करेपर्यंत निवडीची पोस्ट टाकू नका. बातमी आधी फुटली म्हणून नाराज होणारे महोत्सव पुष्कळ आहेत. होकार लेखी द्या. त्याच मेलमध्ये किती खेळ, कोणत्या विभागात, ऑनलाइनही दाखवणार का, दाखवणार तर कोणत्या देशापुरतं आणि किती प्रेक्षकांपुरतं, प्रवास-मुक्कामाचा खर्च आणि स्क्रीनिंग फी हे विचारा. स्पर्धेबाहेर दाखवायचा असेल तर महोत्सव पूर्ण लांबीच्या चित्रपटाला फी देऊ शकतात. विचारण्यात काही गैर नाही.

शेंगेन व्हिसाला निमंत्रणपत्र, राहण्याचा पुरावा आणि निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मुंबईत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून निमंत्रणपत्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

खेळाच्या आदल्या दिवशी प्रोजेक्शन विभागाकडे पाच मिनिटांची तांत्रिक तपासणी मागा: चित्राची चौकट, सबटायटल, फेडर. खेळानंतरच्या प्रश्नोत्तरांत कोण बोलणार ते आधी ठरवा. चार-चार जण मंचावर चढले की सगळा वेळ आभारात जातो. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठीत बोला आणि दुभाषा आधी मागून घ्या.

## १०. ऑनलाइन टाकण्याआधी

चित्रपट यूट्यूबवर किंवा ओटीटीवर टाकण्याची तारीख ठरवताना तक्ता पुन्हा उघडा. निकाल बाकी असलेल्या महोत्सवांत ऑनलाइन चित्रपट चालतो का ते तपासा आणि चालत नसेल तिथला अर्ज आधी मागे घ्या. विक्रीच्या बोलणीसाठी सबटायटल नसलेली मास्टर प्रत, संवादांशिवायचा संगीत-ध्वनी ट्रॅक आणि फाइलमधली सगळी करारपत्रं तयार ठेवा. मास्टर प्रत निदान दोन ड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि दोन्ही ड्राइव्ह दर सहा महिन्यांनी जोडून फाइल उघडते का ते पाहा.